काढ्याचा चोथा आणि औषधी बागेची माती

औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी याचा विचार आपल्या संहितांनी फार बारकाईने केला आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात तो आहे आणि सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तर ‘भूमिप्रविभागीय’ नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. खाचखळग्यांची, वारुळाची, रेताड, स्मशानाची भूमी औषधिसंग्रहासाठी वर्ज्य सांगितली आहे. मृदू, स्थिर, स्निग्ध आणि जलाजवळची भूमी प्रशस्त मानली आहे. द्रव्याचे गुण भूमीतून येतात, हा त्यामागील सिद्धांत आहे. प्रत्येक वैद्य तो विद्यार्थिदशेतच शिकतो.

परंतु द्रव्य वापरून झाल्यावर जो भाग उरतो, त्याचे पुढे काय होते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. काढा गाळला की फडक्यात राहिलेला चोथा बहुधा गटारीत, नाही तर कंपाउंडच्या मागील उकिरड्यावर जातो. आठवड्यातून एकदा त्याला काडी लावली जाते. फार्मसी लहान असेल तर हा चोथा पाटीभर असतो, मोठी असेल तर ट्रॉलीभर. चरकाने विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाची कारणे सांगताना वायू, उदक, देश व काल या चार भावांची दुष्टी सांगितली आहे. चोथा जाळला की वायू बिघडतो, गटारीत सोडला की उदक बिघडते आणि वाटेल तेथे टाकला की देश बिघडतो. ज्या शास्त्राने ही दुष्टी सांगितली, त्याच शास्त्राच्या दारातून ती बाहेर पडू नये, इतकी अपेक्षा अवाजवी नाही.

प्रस्तुत लेखाचे सांगणे थोडक्यात असे आहे. काष्ठौषधींचा चोथा योग्य रीतीने कुजविला तर औषधी बागेसाठी उत्तम खत होतो. त्याच खतात रसशाळेतील किंवा रुग्णोपचारातील कचरा मिसळला, तर बागेची माती कायमची बिघडते. खत करण्याची कृती सोपी आहे. वैद्याची खरी कसोटी निवड करण्यात आहे.

चोथ्याचे स्वरूप

कुजणे ही सूक्ष्म जीवांची पचनक्रिया आहे. या जीवांना ऊर्जेसाठी कर्ब लागतो आणि शरीरबांधणीसाठी नत्र लागते. नत्राच्या सुमारे ३० पट कर्ब असेल, ओलावा ५० ते ६० टक्के असेल आणि ढिगात हवा खेळत असेल, तर पचन उत्तम होते. कर्ब फार झाला तर अग्नी मंद होतो, ढीग महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. नत्र फार झाले तर अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि नत्र हवेत उडून जाते. पाणी फार झाले तर हवा कोंडते आणि कुजण्याऐवजी सडणे सुरू होते. मंदाग्नी, तीक्ष्णाग्नी आणि आम यांची कल्पना असलेल्या वाचकांना यापेक्षा अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही.

या दृष्टीने काढ्याच्या चोथ्याकडे पाहिले तर त्याचे काही गुण व काही दोष दिसतात. क्वाथासाठी द्रव्य यवकूट केलेले असते, म्हणून वेगळे तुकडे करावे लागत नाहीत. ते उकळलेले असते, म्हणून त्यातील तणांचे बी व किडींची अंडी बहुतांशी मेलेली असतात. ते आधीच ओले असते. हे झाले गुण. आता दोष. पाण्यात विरघळणारा अंश काढ्यात निघून गेल्यामुळे मागे मुख्यतः काष्ठतंतूच राहतात. दशमुळांसारख्या मुळांचा व सालींचा चोथा म्हणजे जवळजवळ निव्वळ कर्ब होय. त्रिफळा, बाभूळ, अर्जुन यांसारख्या कषाय द्रव्यांत टॅनिन असते. ते प्रथिनांना बांधून ठेवते व कुजण्याची गती कमी करते. शिवाय यवकूट ओले झाले की दबून त्याचा गोळा होतो आणि आत हवा जात नाही.

या दोषांवर उपाय सोपे आहेत. नत्रासाठी शेण, गोमूत्र व हिरवा पाला मिसळावा. हवेसाठी जाडसर कोरडी काडी घालावी. आपल्या खानदेशात त्यासाठी पऱ्हाट्या व तुराट्या मुबलक आहेत. रावेर-यावल भागातील वैद्यांना केळीचे खांब व पाने सहज मिळतात, पण ती पाणीदार असल्याने आधी चिरून सुकवून घ्यावी लागतात. दोंडाईचा-नंदुरबारच्या मिरची बाजारात देठांचे ढीग निघतात. तेही कुजतात, परंतु मिरचीवर फवारण्या पुष्कळ होतात आणि देठांच्या धुळीने मजुरांना ठसका लागतो, म्हणून औषधी बागेच्या खतासाठी ते टाळलेले बरे.

आसवारिष्टांचा गाळ आंबट असतो. तो एकदम न टाकता कोरड्या मातीत व शेणात कालवून थोडा थोडा टाकावा. तैल-घृताच्या कल्कात स्नेह राहिलेला असतो. तो कणांवर लेप धरतो आणि हवा अडवितो, शिवाय त्याला उंदीर-घुशी येतात. स्नेहयुक्त कल्क टाकायचाच असेल तर अगदी अल्प प्रमाणात, पातळ पसरून टाकावा.

इंदूरपासून पुसदपर्यंत

कंपोस्टची शास्त्रीय रीत आपल्या शेजारीच घडली आहे. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील वनस्पती-उद्योग संस्थेत काम करीत असताना शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत बसविली. १९३१ मध्ये त्यांचे व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेले. कापसाच्या प्रदेशातील हे काम असल्यामुळे पऱ्हाट्यांचा प्रश्न त्यांच्याही पुढे होता. कठीण काड्या शेतरस्त्यावर पसरायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली व गुरांच्या पायांखाली त्या चुरल्या की मग खड्ड्यात घ्यायच्या, असा साधा उपाय त्यांनी वापरला. या पद्धतीत उथळ खड्ड्यातील थर सुमारे तीन महिन्यांत तीन वेळा उलटावे लागतात. खत चांगले होते, पण मजुरी व पाणी बरेच लागते.

महाराष्ट्रात यापुढचे पाऊल यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील शेतकरी ना. दे. पांढरीपांडे यांनी टाकले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ‘नाडेप’ हे नाव पडले आणि लोक त्यांना नाडेपकाका म्हणू लागले. शेण थोडे, काडीकचरा भरपूर आणि ढीग उलटण्याची कटकट नाही, ही त्यांच्या पद्धतीची वैशिष्ट्ये आहेत. गुरे कमी होत चाललेल्या आजच्या खानदेशात थोड्या शेणात होणारे हे खत विशेष सोयीचे आहे.

नाडेपचे टाके जमिनीवर विटांचे बांधतात. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच आणि भिंत ९ इंचांची, असे त्याचे माप आहे. विटांचे दोन थर सलग रचल्यावर तिसऱ्या थरात ७ इंचांची छिद्रे सोडतात. हवा या छिद्रांतून आत जाते, म्हणून ढीग उलटावा लागत नाही. भिंती व तळ शेणमातीने लिंपून घेतात. एका टाक्यास १४०० ते १५०० किलो वनस्पतिजन्य कचरा, ९० ते १०० किलो शेण, सुमारे १७५० किलो कोरडी चाळलेली माती आणि १५०० ते २००० लिटर पाणी लागते.

भरण्याचा क्रम असा. प्रथम ६ इंच कचऱ्याचा थर द्यावा. त्यावर ४ किलो शेण १२५ ते १५० लिटर पाण्यात कालवून शिंपडावे. त्यावर ५० ते ६० किलो मातीचा थर द्यावा. हे तीन थर मिळून एक पाळी होते. अशा ११-१२ पाळ्यांत टाके कडेच्या वर दीड फुटापर्यंत भरते. वरून ३ इंच मातीचा थर देऊन शेणाने लिंपून टाकावे. १५-२० दिवसांत ढीग ८-९ इंच खचतो. तेव्हा पुन्हा त्याच क्रमाने भरून लिंपावे. भेगा पडल्या तर बुजवाव्यात व पाणी शिंपडीत राहावे. साडेतीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. या तीन टनांत मातीचाही मोठा वाटा असतो, हे लक्षात ठेवावे. मातीचे काम नत्र धरून ठेवण्याचे आणि जीवाणू पुरविण्याचे आहे.

चिकित्सालयास पुरेल असे लहान टाके

एका वैद्याच्या चिकित्सालयातून किंवा लहान फार्मसीतून दीड टन चोथा एकाच वेळी निघत नाही. नाडेप टाके मात्र एक-दोन दिवसांतच भरून लिंपावे लागते, तरच आतले तापमान टिकते. म्हणून लहान माप घ्यावे. ३ फूट लांब, ३ फूट रुंद व ३ फूट उंच टाक्याचे घनफळ २७ घनफूट होते. मोठ्या टाक्याच्या १८० घनफुटांचा तो १५ टक्के भाग आहे. त्या हिशेबाने २१० ते २२५ किलो कचरा, सुमारे १५ किलो शेण, २६० किलो माती आणि २२५ ते ३०० लिटर पाणी पुरते.

रोज निघणारा चोथा तोपर्यंत साठवायचा कसा? ओला चोथा गोणीत भरून ठेवला तर दुसऱ्या दिवशी बुरशी व माश्या येतात. गच्चीवर किंवा ओट्यावर ताडपत्री टाकून तो पातळ पसरावा. आपल्याकडे फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत एका दिवसात तो खडखडीत वाळतो. वाळलेला चोथा गोण्यांत भरून, बाहेर ‘काष्ठौषधी चोथा’ अशी चिठ्ठी लावून ठेवावा. पुरेसा साठला की टाके भरावे. भरण्याच्या आदल्या रात्री तो पाण्याने ओलवून घ्यावा, कारण वाळलेले काष्ठ एकदम पाणी शोषत नाही.

आरंभासाठी दोन टोपल्या चोथा, दोन टोपल्या हिरवा पाला व एक टोपली जाड कोरडी काडी हे प्रमाण घ्यावे. पाल्यासाठी कडुनिंबाच्या मागे लागू नये. त्याचा जंतुघ्न गुण येथे आड येतो. सुबाभूळ, गिरिपुष्प, शेवगा यांचा कोवळा पाला नत्रासाठी चांगला. मूठभर मिश्रण दाबल्यावर एक-दोन थेंब निघावेत आणि मूठ उघडल्यावर गोळा फुटावा, इतका ओलावा योग्य समजावा.

शिंदखेडा तालुका अवर्षणप्रवण आहे. मे महिन्यात उष्णता ४० अंशांच्या पुष्कळ वर जाते. येथे ढीग कोरडा पडणे हीच मुख्य अडचण असते आणि कोरड्या ढिगात उधई शिरते. टाके झाडाच्या सावलीत किंवा पाचटाच्या छपराखाली बांधावे. पावसाळ्यात तेच छप्पर जादा पाणी अडविते. जुलैत भरलेले टाके कार्तिकात रिकामे होते, म्हणून येथील हवामानास पावसाळ्याचा आरंभ सर्वांत सोयीचा.

गांडूळ खताचा विचार करणाऱ्यांनीही प्रथम असाच अर्धवट कुजलेला, थंड झालेला चोथा वापरावा. आयसेनिया फेटिडा जातीच्या गांडुळांना २० ते ३० अंश तापमान मानवते. ३५ अंशांपुढे ती मरू लागतात. ताजा आंबट गाळ, स्नेह व तिखट-क्षारयुक्त पदार्थ त्यांना सोसत नाहीत. उन्हाळ्यात ओले गोणपाट व दाट सावली नसेल, तर आपल्या भागात गांडुळांच्या वाटेस न जाता नाडेपच करावे.

रसशाळेचा कचरा : एका गुंजेचा हिशेब

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. चोथा कुजतो, कारण तो सेंद्रिय आहे. पारद, नाग, सोमल, हरताळ, मन:शिला हे कुजत नाहीत. खतात गेलेला धातू खताबरोबर बागेत जातो, तेथेच राहतो आणि दरवर्षीच्या खताबरोबर वाढत जातो.

खत (नियंत्रण) आदेश, १९८५ यात नागरी कंपोस्टासाठी जड धातूंच्या मर्यादा दिल्या आहेत. प्रतिकिलो शिसे १०० मिलिग्रॅम, आर्सेनिक १० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि पारद अवघा ०.१५ मिलिग्रॅम. वनस्पतिजन्य औषधांत आपल्याला जी पारदाची मर्यादा पाळावी लागते, ती दशलक्षात १ भाग, म्हणजे प्रतिकिलो १ मिलिग्रॅम आहे. खतासाठीची मर्यादा तिच्याही जवळजवळ सातपट कडक आहे.

हा आकडा व्यवहारात काय सांगतो ते पाहू. लहान टाक्यातून सुमारे ४५० किलो खत निघते असे धरा. प्रतिकिलो ०.१५ मिलिग्रॅम या दराने त्यात सर्व मिळून ६७.५ मिलिग्रॅम पारद सामावतो. समगुण कज्जलीत निम्मा पारद असतो. म्हणजे १३५ मिलिग्रॅम कज्जली टाक्यात पडली की मर्यादा गाठली. एक गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम. एका गुंजेहून किंचित अधिक कज्जली संपूर्ण टाक्याचे खत बाद करण्यास पुरेशी आहे. तीन टनांच्या मोठ्या टाक्याचा हिशेब केला तरी ९०० मिलिग्रॅम कज्जलीच येते, म्हणजे एक ग्रॅमही नाही. खल पुसलेले एक फडके किंवा गुटी विभागातील केराची एक सुपली यापेक्षा अधिक पारद बाळगू शकते.

कज्जलीतील पारद गंधकाने बद्ध आहे, तो निरुपद्रवी आहे, असा युक्तिवाद काही वैद्यमित्र करतील. चिकित्सेतील त्या चर्चेत येथे शिरण्याचे कारण नाही. खताची मर्यादा एकूण पारदावर मोजली जाते, तो कोणत्या रूपात आहे यावर नाही. शिवाय ज्या बागेतून आपण पुढे शतावरी, गुळवेल किंवा अडुळसा घेणार, त्या औषधींचीही तपासणी शिसे १०, आर्सेनिक ३, कॅडमियम ०.३ आणि पारद १ दशलक्षांश भाग या मर्यादांनीच होणार. आपल्याच बागेने आपलेच औषध नापास करावे, अशी वेळ आणू नये.

तेव्हा पुढील वस्तू खताच्या टाक्यात कदापि जाऊ नयेत. रसकल्प तयार होतात त्या खोलीचा केर. आरोग्यवर्धिनी, त्रिभुवनकीर्ती यांसारख्या काष्ठ व रसद्रव्यांच्या मिश्र कल्पांचे तुकडे, चाळण व धुवण. पारद, हिंगूळ, हरताळ, मन:शिला, नाग, ताम्र यांच्या शोधनातील द्रव, कल्क व फडकी. पुटातील शराव, कापडमाती आणि गोवऱ्यांची राख. नेहमीच्या भट्टीची लाकडाची राख विषारी नसते, पण ती क्षारधर्मी आहे आणि आपली काळी जमीन आधीच क्षाराकडे झुकलेली असते, म्हणून तीही मूठभरच.

वत्सनाभ, कुचला, जयपाल, धोतरा यांच्या शोधनातील अवशेष धातूंप्रमाणे टिकून राहत नाहीत, ते कालांतराने विघटित होतात. तरीही ते वेगळे ठेवावेत, कारण आपल्या गावांत मोकाट गायी-शेळ्या कोणताही ढीग उकरून खातात. भिलाव्याचा अवशेष तर हाताळणाऱ्याच्याच अंगावर उठतो. धातुयुक्त कचरा बंद डब्यात, नाव-तारीख लिहून साठवावा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या घातक कचरा व्यवस्थेकडेच द्यावा. आपल्या औषधनिर्मितीस लागू असलेल्या अनुसूची टीमध्येही कामगार व जनतेच्या आरोग्यास बाधक अवशेषांची योग्य प्रक्रियेनंतरच विल्हेवाट लावण्याची अट आहे. तपासणीच्या वेळी दाखविण्यासाठी म्हणून नव्हे, पण दाखविता येईल इतकी व्यवस्था असावी.

रुग्णाच्या अंगाला लागलेले काही नको

पंचकर्म करणाऱ्या वैद्यांकडे आणखी एक प्रकारचा कचरा असतो. रक्तमोक्षणाचा कापूस, सुया, वापरलेल्या जळवा, बस्तीच्या नळ्या, व्रणावरील पट्ट्या हा सर्व जैववैद्यकीय कचरा आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांच्या कक्षेत आयुष रुग्णालयांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुदत संपलेली औषधेही त्याच नियमांत पिवळ्या वर्गात येतात. चूर्ण निव्वळ वनस्पतींचे असले तरी मुदत संपल्यावर ते ‘पालाच तर आहे’ म्हणून खड्ड्यात टाकू नये.

पत्रपोट्टलीचा पाला, उद्वर्तनाचे चूर्ण, लेपांचे अवशेष यांविषयी प्रश्न पडतो. त्वग्रोगी व व्रणी रुग्ण वेगळे काढून बाकीचे घ्यावेत, असे म्हणता येईल. परंतु रोजच्या गर्दीत ही निवड परिचारकावर सोपविणे व्यवहार्य नाही. म्हणून एकच सोपा नियम करावा. रुग्णाच्या अंगाला लागलेली कोणतीही वस्तू खताच्या टाक्यात जाणार नाही. नियम जितका लहान, तितका तो पाळला जातो.

हे सर्व टाक्याजवळ निवडून साधत नाही. कचरा जेथे निघतो तेथेच तो वेगळा झाला पाहिजे. क्वाथगृहात एक हिरवा डबा असावा. रसशाळेत व पंचकर्म कक्षात हिरवा डबा ठेवूच नये, म्हणजे चूक होण्याची वाटच बंद होते. तिन्ही ठिकाणचे झाडू व फडकी वेगळी असावीत.

खत तयार झाले हे कसे ओळखावे

पक्व खत गडद तपकिरी, भुसभुशीत असते आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. मूळ द्रव्य ओळखू येत नाही. अडुळशाचे पान किंवा बेलाची साल ओळखू येत असेल तर ते अजून कच्चे आहे. कच्चे खत मातीत गेले की जीवाणू उरलेला कर्ब पचविण्यासाठी मातीतील नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. कषाय द्रव्यांच्या चोथ्यात ही शक्यता अधिक असते, म्हणून परीक्षा केल्याशिवाय वापरू नये.

परीक्षा घरगुती आहे. एका कुंडीत निव्वळ बागेची माती आणि दुसरीत निम्मी माती व निम्मे खत घ्यावे. दोहोंत मेथीचे सारखेच दाणे टाकावेत. आठ दिवसांत खताच्या कुंडीतील उगवण मातीइतकी किंवा अधिक असेल आणि पाने हिरवी असतील, तर खत पक्व झाले. उगवण मागे असेल तर ढीग ओलवून आणखी महिनाभर ठेवावा. फार्मसी मोठी असेल तर वर्षातून एकदा खताचा नमुना प्रयोगशाळेत देऊन जड धातूंची तपासणी करून घ्यावी. पहिल्या वर्षी तर ती अवश्य करावी, कारण आपली निवड खरोखर काटेकोर झाली की नाही याचे उत्तर फक्त ही तपासणीच देते.

बागेच्या मातीचीही एकदा तपासणी करावी. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर माती दरिद्री समजतात. आपल्या उन्हात सेंद्रिय द्रव्य झपाट्याने झिजते, म्हणून एकदा भरपूर खत टाकून भागत नाही, दरवर्षी थोडे थोडे द्यावे लागते. वाफ्यासाठी चौरस मीटरला दोन-तीन किलो खत पावसाच्या आरंभी वरच्या वीतभर मातीत मिसळावे. कुंडीसाठी एक भाग खत व दोन भाग माती घ्यावी. अडुळसा, तुळस, शतावरी, ब्राह्मी, गुळवेल यांना हे मानवते. अश्वगंधा हलक्या जमिनीची आहे. तिला फार खत दिले तर पाला वाढतो आणि मूळ मागे राहते. कोरफडीला खतापेक्षा निचरा महत्त्वाचा. सर्व रोग्यांना एकच मात्रा देत नाही, तसेच येथेही आहे.

वृक्षायुर्वेदात सुरपालाने सांगितलेले कुणपजल हे वेगळे प्रकरण आहे. ती प्राणिज द्रव्ये शिजवून, आंबवून केलेली द्रवरूप पोषणे आहेत. घन कंपोस्टची जागा ती घेत नाहीत आणि कंपोस्टही त्यांची जागा घेत नाही.

काम करणाऱ्याचे आरोग्य

शेण व माती यांत धनुर्वाताचे जंतू असतातच. खत हाताळणाऱ्या मजुराचे धनुर्वाताचे लसीकरण झाले आहे याची खात्री करावी आणि हातमोजे द्यावेत. कोरडे खत चाळताना ॲस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू हवेत उडतात. तमकश्वासाच्या रुग्णाने हे काम करू नये. इतरांनी नाकाला फडके बांधावे आणि खत आधी हलके ओलवून घ्यावे. विंचू-सापांचा वावर लक्षात घेऊन टाके पायात बूट घालून, दिवसाउजेडीच रिकामे करावे.

टाक्याशेजारी एक वही टांगावी. भरण्याची तारीख, कोणत्या द्रव्यांचा चोथा, शेण किती, पाणी कधी दिले, खत कधी निघाले आणि कोणत्या वाफ्यात गेले, इतके लिहिले तरी पुरे. दोन-तीन वर्षांत आपल्या चोथ्याला किती दिवस लागतात आणि कोणत्या वाफ्यात फरक पडला हे त्या वहीतून आपोआप कळू लागेल.

विटांच्या एका लहान टाक्याला खर्च फारसा येत नाही आणि जागाही थोडीच लागते. येत्या ज्येष्ठापर्यंत आपापल्या क्वाथगृहात हिरवा डबा आणि गोण्यांवर चिठ्ठ्या एवढे जरी झाले, तरी पहिल्या पावसाबरोबर टाके भरता येईल. ज्या सभासदांनी असे टाके बांधले असेल, त्यांनी आपल्या वहीतील नोंदी या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवाव्यात. दशमुळाचा चोथा किती दिवसांत कुजला आणि त्रिफळ्याचा किती, याची खानदेशातील वैद्यांनी स्वतः केलेली नोंद इतरांना कोणत्याही लेखापेक्षा अधिक उपयोगी पडेल.